गुलाबी शुद्धिपत्र

मेहकर, ३० मार्च १९३३

चैत्राचा अंक आज टपालात पडला. अकोल्याच्या साप्ताहिकात इतकी वर्षे काढूनही अंक वेळेवर निघाला की मला अजून बरे वाटते.

पहिल्या पानावर हिंमतरावांचा लेख आहे. हिंमतराव, लोकांचे भाऊसाहेब, जानेफळचे मोठे जमीनदार आणि आमच्या कृषिशोध मंडळाचे अध्यक्ष. मंडळाच्या त्रैमासिकाला कागदही तेच पुरवतात. त्यांनी एका शेताचे दोन सारखे तुकडे केले. एकात घरची कपाशी पेरली, दुसऱ्यात बाहेरून आणलेले नवे बी. खत, पेरणी, डवरणी सगळे सारखे. नव्या बियाचा कापूस शेकडा वीस जास्त भरला.

आमच्याकडे परीक्षकाने वाचल्याशिवाय कोणताही लेख छापला जात नाही. हा नियम मीच घातला. हा लेख वामनरावांनी तपासला. ते सरकारी शेतीखात्यातून निवृत्त झालेले. एरवी एका लेखाला महिना लावतात. हा दोन दिवसांत 'निर्दोष' असा शेरा मारून परत आला. लेखच तितका स्वच्छ आहे.

सत्यभामेने अंक चाळला आणि फडताळावर ठेवला. संपादकाची बायको असूनही तिला त्रैमासिकात रस नाही. माझी तक्रार नाही.

८ एप्रिल

आमचा अंक गावोगाव चावडीवर वाचून दाखवतात. शाळामास्तर वाचतो, लोक ऐकतात. ज्याला अक्षर येत नाही तोही त्यामुळे आमचा वाचक. आजवर वाचून झाले की लोक उठून जात. या वेळी नाही. जानेफळचे मास्तर शेषराव सांगत होते की लेख दोनदा वाचावा लागला. मंडळ मृगापूर्वी नवे बी वाटणार आहे, म्हणून लोकांनी पेरणीसाठी ठेवलेली घरची सरकी बैलांना घालायला सुरुवात केली आहे.

छापलेल्या शब्दावर माणसे इतका भरवसा ठेवतात, हे पाहून संपादकाला आनंद होणारच.

१६ एप्रिल, जानेफळ

सत्यभामेच्या चुलतभावाचे लग्न. मांडवामागे बायका तांदूळ निवडत होत्या. त्यांत तानुबाई होती. हिंमतरावांच्या शेतात वेचणीच्या बायांची ती म्होरकी. मला पाहून म्हणाली, "काय जवाईबापू, तुमच्या पुस्तकात आमच्या वेचनीचं आलं म्हनते."

"वेचणीचं नाही, शेताचं आलं."

"शेतानं काय सोता वेचला कापूस?"

बायका हसल्या. मीही हसलो. मग तिने गाऱ्हाणे काढले. "औंदा मालकानं नव्या वावरात आमाले वाटाच नाई देल्ला. नगदी देल्ली मजुरी. म्हने, वाट्यातून माह्यं बी तुमी घरी न्यान. जुन्या वावरात देल्ला बाप्पा, रीतीनं."

"नगदी काय वाईट?"

"नगदीची गादी भरते का?"

सत्यभामा तिच्याशी आणखी काहीबाही बोलत बसली. मी पंगतीला गेलो. वांग्याची भाजी फार तिखट होती.

१७ एप्रिल

परतताना गाडीत सत्यभामेचे एकच चालले होते. "कापूस मोजते कुठं? वावरात का घरी?"

मी म्हणालो, "घरी. वाड्याच्या दाराशी काटा असतो."

"अन् बायांचा वाटा कुठं काढते?"

"वावरातच. ज्याच्या त्याच्या ढिगातून."

"मंग?"

मला झोप येत होती. बायकांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही.

१९ एप्रिल

आज सकाळी दाढी करताना एकदम एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

जुन्या बियाच्या तुकड्यात वेचणीवाल्यांना रीतीप्रमाणे कापसाचा वाटा मिळाला. तो वावरातच काढला गेला, काट्यावर आलाच नाही. नव्या बियाच्या तुकड्यात मजुरी नगदी दिली, त्यामुळे तिथला सगळा कापूस काट्यावर आला. म्हणजे एका बाजूचे वजन वाटा जाऊन झाले आणि दुसऱ्या बाजूचे वाट्यासकट. पहिल्या वेचणीला वाटा लहान असतो, शेवटच्या विरळ वेचणीला वाढत जातो. सरासरी आठवा हिस्सा धरला आणि तो जुन्या कापसात परत मिळवला, तर शेकडा वीसचा फरक पाचावर येतो. वाटा नेमका किती गेला हे कोणी मोजलेच नाही, तेव्हा पाचही खात्रीचे नाहीत.

कोणी खोटे लिहिलेले नाही. वाटा काढणे ही इतकी जुनी रीत आहे की तो कापूस आहे असे कोणाच्या मनातच आले नाही. लेखकाच्या नाही, परीक्षकाच्या नाही, माझ्याही नाही.

सत्यभामेला हे सगळे समजावून सांगितले. ती भाकरी थापत होती. "असं हाय का?" म्हणाली.

२१ एप्रिल

वामनरावांकडे गेलो. त्यांनी गणित पाहिले आणि लगेच मान्य केले. असा मोकळा माणूस विरळा.

"पण घाई कशाला?" ते म्हणाले. "आषाढाचा अंक आहेच."

"आषाढापर्यंत पेरण्या होऊन जातील. घरचं बी बैलांच्या पोटात गेलेलं असेल."

"हे आणखी कोणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. भाऊसाहेबांच्या कानावर मी सावकाश घालतो."

गावात असा एक जाणता मित्र असणे ही मोठी सोय आहे.

२५ एप्रिल

हिंमतराव स्वतः आले. वामनरावांनी सावकाश सांगतो म्हटले होते. जरा लवकर सांगून झाले असावे.

हिंमतराव ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमी मले लबाड ठरवून राह्यले म्हनते."

"नाही, भाऊसाहेब. लबाडी कोणीच केली नाही. वजन चुकलं."

"वाट्याचा कापूस कोनी धरते का हिशेबात? माह्या बापानं धरला नाई, आज्यानं धरला नाई."

"त्यांनी लेख छापला नव्हता."

"बरं. आषाढात टाका मंग एक ओळ. मांगच्या पानावर, बारीक टायपात."

"लेख पहिल्या पानावर, मोठ्या टायपात आला. दुरुस्तीही तशीच येईल, आणि मृगाच्या आधी."

"अंक नसतानी? कागद काय तुमच्या परसात पिकते?"

"बघू."

"तो अंक डिप्टीसाहेबाच्या मेजावर हाय, माहीत हाय ना? त्याच्याखाली माह्यं नाव हाय."

"संपादक म्हणून माझंही आहे."

ते गेले. मी पूर्ण शांत होतो. फक्त त्यांच्यासाठी आणलेला चहा मीच पिऊन टाकला आणि मग माझाही प्यायलो.

३ मे

मंडळाची सभा. हिंमतरावांनी ठराव आणला की यापुढे अध्यक्षांच्या सहीशिवाय मंडळाचे काहीही छापू नये. वामनरावांनी अनुमोदन दिले. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की हे केवळ वेळ मिळावा म्हणून केले. कोणाला वेळ मिळावा, ते विचारायचे राहिले.

मी सभेत सांगितले की चूक कळल्यावर ती दाबून ठेवणे हे चुकीपेक्षा वाईट. लोक बैलांना सरकी घालत आहेत ती आमच्या पहिल्या पानाच्या भरवशावर. आणि शुद्धिपत्र निघणार, मंडळाच्या नावाने नाही निघाले तर माझ्या नावाने. त्याहून जास्त काही नाही. आवाजही चढवला नाही.

घरी आलो तर सत्यभामा म्हणाली, "जेवाले बसा. समदं आयकलं."

"कोणी सांगितलं?"

"कोनी कायले सांगंन? इथपरेंत आयकू येऊन राह्यलं होतं."

९ मे

अर्जुनरावांच्या छापखान्यात गेलो. आमचा अंक तेच छापतात. मी काही बोलण्याआधी ते म्हणाले, "भाऊसाहेबाचा मानूस येऊन गेला. मंडळाचं काम सहीशिवाय घ्यायचं नाई म्हने."

"हे मंडळाचं काम नाही."

"मंग कोनाचं?"

"माझं."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमचं असंन त तुमाले कोनाच्या सहीची गरज नाई. लग्नपत्रिका छापाले कोनी सही मांगते का? पन कागद तुमच्या अंकाचा नाई देता येत. तो भाऊसाहेबाचा हाय, अन् मोजून हाय."

"दुसरा कोणता आहे?"

"लग्नसराईचा. गुलाबी."

मी त्या कागदाकडे पाहिले. त्यावर शास्त्रीय दुरुस्ती छापलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"वर गनपती छापाचा का?" अर्जुनरावांनी विचारले.

"नको."

"शुभकार्य नाई म्हना."

"आहे," मी म्हणालो. "पण गणपती नको."

१३ मे

मुद्रिते तपासली. मजकूर असा आहे:

"चैत्र अंकातील जानेफळच्या कपाशीच्या लेखात नव्या बियाचे उत्पन्न शेकडा वीस जास्त दिले आहे. हा आकडा धरू नये. जुन्या बियाच्या कापसातून वेचणाऱ्या बायांचा वाटा वजनापूर्वी निघाला होता. नव्यातून निघाला नव्हता. वाटा धरता फरक फार तर शेकडा पाच उरतो, आणि तोही खात्रीचा नाही. घरची सरकी पेरणीपुरती राखून ठेवावी. लेख छापण्यापूर्वी ही चूक आमच्या ध्यानात यायला हवी होती. ती आली नाही."

सत्यभामेने कागद हातात घेतला. तिला वाचता येते हे मी कधीकधी विसरतो.

"'आमच्या' काऊन? वामनरावानं वाचला होता ना?"

"त्यांनी वाचला. छापला मी."

तिने कागद पुन्हा वाचला. थोड्या वेळाने म्हणाली, "बायांचा वाटा लेहला, हे बरं केलं."

टाइप लेखाचाच वापरला आहे. अर्जुनराव म्हणतात, गुलाबीवर ठसठशीत उठतो.

१९ मे

जिथे जिथे चैत्र अंक गेला तिथे तिथे शुद्धिपत्र गेले. काही बुकपोस्टाने, काही बाजाराला आलेल्यांच्या हाती. सगळ्यांना ती लग्नपत्रिकाच वाटते, म्हणून कोणी न वाचता टाकत नाही. आज बाजारात उकंडराव पाटलांनी ती उघडता उघडता विचारले, "कोनाचं लगन काढलं, संपादक?"

"सरकीचं."

त्यांनी उभ्या उभ्या पुरते वाचले. मग गड्याला हाक मारली. "अबे, कोठीतली सरकी राहू दे. बैलाले दुसरं काई घाल."

आजवर माझ्या कोणत्याही लेखाने याहून मोठे काम केल्याचे मला आठवत नाही, आणि ही तर माझ्याच चुकीची दुरुस्ती.

वामनराव भेटत नाहीत. पाठीत उसण भरली आहे म्हणे. उन्हाळ्यात अशा उसणी भरतात.

२७ मे, जानेफळ

सगळीकडे शुद्धिपत्र वाचले गेले, जानेफळात नाही. शेषराव मास्तरांनी निरोप धाडला की चावडीवर हे वाचू नये असे त्यांना बजावले आहे, आणि त्यांची बदली कोणाच्या हातात आहे हे मला माहीत आहे. मला त्यांचा राग आला नाही. लेख जिथे दोनदा वाचला गेला तिथे दुरुस्ती निदान एकदा वाचली पाहिजे, म्हणून मी स्वतः आलो.

संध्याकाळी चावडीवर पुष्कळ लोक होते. वाटेवर एका बाजूला तानुबाई आणि वेचणीच्या बाया उभ्या होत्या. त्यांना कोणी बोलावले कळले नाही. सत्यभामा सकाळपासून माहेरीच होती. तिला विचारायला हवे.

मी वाचायला उभा राहिलो तसे हिंमतराव आले. लोक सरकले, त्यांना बसायला घोंगडी दिली. ते बसले नाहीत.

"हे मंडळाचं मत नोहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "हे मतच नाही. हे वजन आहे."

"माह्या गावात, माह्या चावडीवर?"

"लेख इथंच वाचला गेला, भाऊसाहेब. तेव्हा तुम्ही चावडी गावाची म्हणाला होता."

मी वाचले. सावकाश, एकही शब्द न गाळता. 'वेचणाऱ्या बायांचा वाटा' हे शब्द आले तेव्हा मागून तानुबाईचा आवाज आला, "खरं हाय. मालकानंच काढून देल्ला होता." कोणीतरी तिला दटावले. ती म्हणाली, "काऊन? मी काई चोरी केली का?"

वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्याने हिंमतरावांनाच विचारले, "मालक, वाटा त देल्ला होता ना जुन्या वावरात?"

हिंमतराव खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत. हे मी आधीपासून म्हणत आलो आहे. ते "देल्ला होता," म्हणाले, आणि निघून गेले.

१२ जून

मृग लागला. मंडळाने मला संपादकपदावरून काढल्याचे पत्र आले. माझ्या जागी वामनराव. निदान आपला माणूस तिथे राहील.

सत्यभामा नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माह्या बाबानं मले देलेलं जानेफळचं वावर हाय ना, त्यात मी दोन ओळी जुनं अन् दोन ओळी नवं पेरून राह्यली."

"नवं कुठून आणलं?"

"मंडळातून. वाटून राह्यले ना समद्याइले."

"कशाला पण?"

"गंमत म्हनून."

५ जुलै

आषाढाचा अंक आला. संपादक वामनराव, परीक्षक वामनराव. शुद्धिपत्राचा उल्लेख नाही. चौथ्या पानावर एक चौकट: 'जानेफळच्या लेखाविषयी काहींनी शंका काढली असली तरी लेख निर्दोष असल्याचे तज्ज्ञांचे मत आहे.'

दोन दिवसांत परत आलेला तो लेख मला आज आठवला. मग इतरही काही आठवले. मी अंक फडताळावर ठेवला आणि परसात जाऊन पुष्कळ वेळ लाकडे फोडली. लाकडांची आता गरज नाही.

संध्याकाळी ठरवले. दर तीन महिन्यांनी एक पान काढायचे. एकच पान. कागद मिळेल तो.

१४ नोव्हेंबर

पहिली वेचणी. तानुबाई आणि तिच्या बाया. दोन्ही बियांत वाटा रीतीनेच दिला, पण आधी काट्यावर चढवून. दोन्ही ढीग, दोन्ही वाटे, सगळे वेगवेगळे मोजले. तानुबाईला काट्याचे फार हसू येत होते. "आमचा वाटा कोनी मोजंन असं वाटलं नवतं."

"आता दर वेळी मोजणार."

"मोजा. पन मोजता मोजता कमी नका करू."

२१ जानेवारी १९३४

शेवटची वेचणी झाली. आकडे लागले. नवे बी सरस निघाले. शेकडा सहा.

मी तीनदा बेरीज केली. सहाच.

शेषराव मास्तर आले होते. मेमध्ये माघार घेतल्याचे त्यांना लागले आहे. आता माझ्या बाजूने ते जरा जास्तच आहेत. "हे छापू नका," म्हणाले. "थोडकं चार ओळींचं शेत, एका वर्षाचा पाऊस. कोणाला कळणार आहे? भाऊसाहेब हे पान घेऊन डिप्टीसाहेबांकडे जातील. म्हणतील, बघा, नवं बी सरस आहे हे उत्तमरावांनीच कबूल केलं."

"म्हणू देत."

"मग एवढं भांडलात कशासाठी?"

"नव्या बियाविरुद्ध मी कधी भांडलोच नाही, मास्तर."

"लोकांना हे समजणार नाही."

"समजत नसेल तर दोनदा वाचून दाखवा. तुम्हाला सवय आहे."

ते हसले नाहीत, पण कागद घेऊन गेले.

२६ जानेवारी

छापखाना. अर्जुनराव म्हणाले, "गुलाबी थोडकाच उरला."

"पुरेल तितका घ्या. उरलेलं कोणत्याही रंगाचं."

वर पहिल्याच ओळीत, लेखाच्या त्याच टाइपात: 'नवे बी सरस आहे. शेकडा सहा.' त्याखाली शेत लहान होते आणि वर्ष एकच होते हेही लिहिले. वजन कसे केले, वाटा कुठे धरला, सगळे लिहिले. शेत सत्यभामाबाईंचे, आणि वाट्याचा प्रश्न गाडीत प्रथम त्यांनी विचारला, हेही. हे मी दाढी करताना शोधले असे माझ्या या वहीत लिहिलेले आहे. तसे ते नव्हते.

शेवटी वेचणाऱ्या सगळ्या बायांची नावे, तानुबाईपासून.

अर्जुनराव खिळे जुळवता जुळवता थांबले. "येवढी नावं? संशोधनाच्या कागदावर?"

"शेतानं स्वतः वेचला नाही कापूस."

पहिली प्रत शाई वाळण्याआधी जानेफळला पाठवली. हिंमतरावांच्या नावाने.